शून्य कुणाच्या नावावर

तपासणी केंद्रात तिला सगळे सूक्ष्मबाई म्हणत. हे नाव ठेवलं होतं रक्त काढणाऱ्या सुईवाल्याने. एकदा तिने त्याला एका बाटलीवरच्या चिठ्ठीतली वेलांटी चुकली म्हणून तीन जिने उतरायला लावलं होतं, आणि वर आल्यावर तो धापा टाकत म्हणाला होता की या बाईला सूक्ष्मदर्शकाची गरजच काय, हिचे डोळेच तसले आहेत. नाव चिकटलं. तिनेही हरकत घेतली नाही. कामात कुणी तिला वचकून असलं तर तिला ते हवंच होतं.

तेरा वर्षं ती त्याच खोलीत, त्याच खिडकीला पाठ करून बसत होती. उंच स्टूल, त्यावर चौपदरी घडी घातलेली शाल, कारण पाठीला टेकू नसला की तिच्या पोटातली जुनी शिवण ओढ घेई. डाव्या हाताला मोजणीयंत्र, उजव्या हाताला काचपट्ट्यांचा ट्रे. ती जेवणाच्या सुट्टीत अर्धी पोळी खाई आणि दोन तासांनी उरलेली अर्धी. पोटभर जेवणं हा प्रकार तिच्या आयुष्यातून सव्विसाव्या वर्षी गेला होता. सुईवाला म्हणे, सूक्ष्मबाई जेवतातसुद्धा नमुना घेतल्यासारखं. ती हसायची. या विनोदाचं मूळ काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिला ते सांगायचं नव्हतं.

मूळ असं होतं. बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवऱ्याचं प्लायवूडचं दुकान होतं, माणूस दिसायला उमदा, बोलायला गोड, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. चार वर्षांत मूल झालं नाही. पहिल्या वर्षी शेजारणी गालात हसून विचारत, दुसऱ्या वर्षी काळजीने, तिसऱ्या वर्षी विचारायच्या बंद झाल्या आणि चौथ्या वर्षी तिच्या पाठीमागे तो एक शब्द बोलू लागल्या. वांझ. तिला नंतर पुष्कळदा वाटे, भाषेत या शब्दाचा पुरुष का नाही? दुकानात बसलेल्या तिच्या नवऱ्याला कुणी काय म्हणणार होतं? शब्दच नव्हता, त्यामुळे कुणी काही म्हणत नव्हतं. उलट त्याच्यासाठी लोक चुकचुकत. एवढा सोन्यासारखा माणूस, काय नशिबी आलं त्याच्या.

चौथ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, सासूबाईंनी तिला याच तपासणी केंद्रात आणलं होतं. तेव्हा ते दोन गल्ल्या पलीकडे एका जुन्या इमारतीत होतं. तिचं रक्त घेतलं, लघवी घेतली. चार दिवसांनी सासूबाई एकट्याच जाऊन कागद घेऊन आल्या. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. सासूबाईंनी कागद हातभर लांब धरून तिला दाखवला. वर तिचं नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट, टाईप केलेलं. खाली, रेषेच्या पुढे, एकच शब्द: शून्य. कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, पण ते वाचायच्या आत कागदाची घडी झाली.

सासूबाई म्हणाल्या की तुझ्या नावावर शून्य आलंय, आता शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.  नखाने चौकटीचा रंग खरवडत राहिला.

डॉक्टरांनी दवाखान्यात त्याला एकदाच विचारलं होतं, तुमचं सगळं ठीक ना? तो म्हणाला, हो, ठीक. त्याची तपासणी त्या एका शब्दात आटोपली. मग तिचं पोट उघडलं. आतल्या नळ्या मोकळ्या करायच्या म्हणून उघडलं. त्या मोकळ्याच होत्या हे उघडल्यावर कळलं. जखम चिघळली. सहा आठवडे ती पाठीवर पडून होती आणि सातव्या आठवड्यात सासूबाईंनी तिच्या भावाला बोलावून घेतलं, थोडे दिवस माहेरी राहू दे म्हणून. त्या थोड्या दिवसांचं पुढे वर्ष झालं. वर्षाच्या शेवटी आतडी एकमेकांना चिकटून पीळ पडला आणि तिचं पोट पुन्हा फाडावं लागलं. पहिला व्रण आडवा होता, दुसरा उभा. दवाखान्यात तिला भेटायला सासरहून कुणी आलं नाही. आला तो वकिलाचा कागद. वहिनीने तो तिच्या उशाशी ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. तिने पडल्या पडल्या सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की वकिलाने ते परत मागवलं, आणि तिने पुन्हा केली.

पुढे भावाने तिला प्रयोगशाळेच्या कामाचा अभ्यासक्रम करायला लावलं. वर्गात ती सगळ्यांत मोठी, तीस वर्षांची व्हायला आलेली. पास झाली आणि नोकरी मिळाली ती नेमकी याच केंद्रात, नव्या जागेत. तिने जाणूनबुजून इथे अर्ज केला होता असं नाही. जाहिरात आली, तिने टाकला, एवढंच. पण पहिल्या आठवड्यात जे झालं त्याने ती जन्माची इथे बांधली गेली.

केंद्राची एक जुनी रीत होती. मूल होत नाही म्हणून जोडपं आलं आणि नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करायची असली, तर बाटलीवर नवऱ्याचं नाव लिहायचं नाही. बायकोचं लिहायचं. केंद्र सुरू करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी ही रीत घातली होती, कारण आपल्या नावाची असली बाटली हातात घेऊन रांगेत बसायचं म्हटलं की पुरुष बिचकत आणि परत येत नसत. नोंदवहीतही बायकोचंच नाव. अहवालावरही तेच. फक्त कोपऱ्यात दोन अक्षरं: प. न.

तिसऱ्या दिवशी तिने निवृत्तीला टेकलेल्या जुन्या तंत्रज्ञांना विचारलं की ही दोन अक्षरं कसली.

"पतीचा नमुना," ते म्हणाले. "बायकोच्या नावे. समजून घ्यायचं आपलं आपण."

तिच्या हातातली काचपट्टी फुटली नाही की काही नाही. तिने ती नीट ट्रेमध्ये ठेवली. जेवणाच्या सुट्टीत ती माळ्यावर चढली. जुन्या वह्या तिथे सुतळीने बांधून रचल्या होत्या, आणि तिला वर्ष ठाऊक होतं, महिना ठाऊक होता, वारसुद्धा ठाऊक होता. चौथ्या गठ्ठ्यात वही सापडली. तिचं रक्त, तिची लघवी, सगळं ठीक. आणि त्याच पानावर, पाच ओळी खाली, दोन दिवस नंतरची तारीख, पुन्हा तिचंच पूर्ण नाव. कोपऱ्यात प. न. आणि पुढे जुन्या तंत्रज्ञांच्या गोल अक्षरात: शून्य.

ती माळ्यावर किती वेळ बसली ते तिला कळलं नाही. खाली आली तेव्हा साडीला धूळ होती आणि सुईवाला म्हणाला, काय, उंदीर पकडत होतात का? ती म्हणाली, हो, एक सापडलाय.

कुणालाही वाटेल की त्याच संध्याकाळी ती वही घेऊन प्लायवूडच्या दुकानात जाऊन उभी राहिली असेल. भाऊ कळल्यावर दातओठ खाऊन तेच म्हणाला: चल, आत्ताच्या आत्ता चल, भर बाजारात त्याची अब्रू काढू. तिने त्याला थांबवलं. ती पुढचं बघत होती. ते हात वर करतील. म्हणतील, आम्हाला काय कळतं तुमच्या त्या दोन अक्षरांतलं, कागदावर नाव सुनेचं होतं, आम्ही वाचलं ते समजलो. आणि तसं खरोखर झालेलंही असू शकत होतं. तिलाही कळलं नव्हतंच की. नेमकं हेच तिला आतून कुरतडत होतं. त्यांना ठाऊक होतं, की नव्हतं? चुकून तिचं पोट फाडलं गेलं, की बघून, समजून, घडी घालून? चूक असेल तर तिचा राग रीतीवर होता आणि रीत काही रडत नाही, पाया पडत नाही. ठाऊक असेल तर मात्र तिला माणसं हवी होती. त्यांची कबुली स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या अक्षरात हवी होती. त्यासाठी थांबावं लागलं तर ती थांबणार होती. थांबण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. शस्त्रक्रियेनंतरच्या त्या दीड वर्षात ती दुसरं काही शिकलीच नव्हती.

चार वर्षांनी वहिनीने कुठूनसं ऐकून आणलं की त्याने दुसरं लग्न केलं, मुलगी चोवीस वर्षांची आहे. त्या रात्री ती गाढ झोपली. आता ते येणार हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. दोन वर्षांनी, चार वर्षांनी, कधी तरी ती नवी मुलगीसुद्धा रांगेत बसवली जाणार आणि गावातलं चांगलं केंद्र हे एकच.

तिने तयारी केली. मोठे डॉक्टर गेले होते, त्यांचा मुलगा कारभार बघत होता. तिने त्याच्या मागे लागून ती जुनी रीत मोडून काढली. चूक होऊ शकते, गोंधळ होतो, उद्या कुणी कोर्टात गेलं तर काय, असं घाबरवून घाबरवून तिने त्याच्या गळी उतरवलं. आता नमुना ज्याचा, नाव त्याचं. शिवाय तिने नवा अर्ज बनवला. पहिल्या ओळीत ठळक छापलं होतं की हा अर्ज पतीने स्वतःच्या अक्षरात भरावा. सातवा प्रश्न होता: यापूर्वी अशी तपासणी झाली आहे का? झाली असल्यास कधी व निष्कर्ष काय? आठवी ओळ: केंद्राकडे पूर्वीची नोंद आढळल्यास ती नव्या अहवालात जोडली जाईल. आणि शेवटी: अहवाल पती-पत्नी दोघांना एकत्र समजावून दिला जाईल. शेकडो पुरुषांनी तो अर्ज भरला आणि पुष्कळांच्या बायकांची पोटं त्यामुळे वाचली, हे खरंच आहे. मोठ्या डॉक्टरांच्या मुलाने तिचं कौतुकही केलं. पण सातवा प्रश्न तिने एका माणसासाठी घातला होता, आणि तो माणूस यायला नऊ वर्षं लागली.

तो आला एका सोमवारी, सव्वाआठ वाजता. केस मागे हटलेले, पोट सुटलेलं, पण चेहरा तोच, तुकतुकीत आणि निवांत. सोबत ती. सूक्ष्मबाई मनात तिला नवी म्हणत आली होती, पण नवीच्या कपाळावर आता दोन आडव्या रेषा होत्या आणि मनगटं बारीक झाली होती. तिच्या पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्यांची जाडजूड फाईल होती. काउंटरवरच्या काकूंनी ती उघडून बघितली आणि आत येऊन सूक्ष्मबाईंना सांगितलं की या बाईची शस्त्रक्रिया ठरली आहे, येत्या महिनाअखेर, पोट उघडून. दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या आहेत, त्या म्हणतात नवऱ्याचा अहवाल बघितल्याशिवाय सुरी हातात धरणार नाही. म्हणून स्वारी आली आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"पहिल्यांदा?" सूक्ष्मबाई म्हणाली.

ती तोंडावर पट्टी बांधून बाहेर आली आणि अर्ज त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने तिच्याकडे पाहिलं. चार वर्षं जिच्या हातचं जेवला, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पेन आहे का?"

तिने पेन दिलं. ओळखलं नाही याचा तिला राग येईल असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात बरं वाटलं. तो मान खाली घालून, जीभ गालात घेऊन लिहीत होता, आणि ती उलट्या बाजूने वाचत होती. सातव्या प्रश्नापाशी पेन थांबलं. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचं घड्याळ बघत होती. मग त्याने लिहिलं: नाही. खाली सही केली, लांब शेपटीची.

नमुना तिने स्वतः घेतला, स्वतः तपासला. अर्धा तास थांबून, थेंब मोजणीच्या काचेवर घेऊन, चौकटीमागून चौकट, ओळीमागून ओळ. तिला या कामात कधी घाई नसे, त्या दिवशी तर मुळीच नव्हती. मग उरलेला नमुना यंत्रात फिरवून तळाचा साका पुन्हा बघितला. मग सुईवाल्याला बोलावून त्याला बघायला लावलं, नाव झाकून. तो म्हणाला, रिकामं मैदान आहे, सूक्ष्मबाई, एक खेळाडू नाही. नियमाप्रमाणे दुसरा नमुना पंधरा दिवसांनी. त्याला पुन्हा यावं लागलं, दुकान बंद ठेवून, रांगेत बसून, स्वतःच्या नावाची बाटली हातात धरून. काकू त्याचं नाव पुकारत तेव्हा तो इकडेतिकडे बघून उठे. दुसरं मैदानही रिकामंच होतं.

अहवाल बुधवारी मिळणार होता. मंगळवारी अकराच्या सुमाराला सासूबाई आल्या.

त्या वाळल्या होत्या, पण आवाज तसाच होता, भांड्यावर भांडं ठेवावं तसा. काकूंनी त्यांना सांगितलं की अहवाल फक्त जोडप्याला मिळतो. त्या ऐकेनात. मग काकूंनी त्यांना आत पाठवलं, तपासणाऱ्या बाईंशी बोला म्हणून, आणि स्वतः उघड्या दाराबाहेर थांबल्या. सूक्ष्मबाईने पट्टी काढली नाही. समोरची खुर्ची दाखवली.

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. म्हणाल्या की मुलगा घरी येऊन जेवत नाही, झोपत नाही, अर्जावर त्याचं नाव घेतलंय म्हणून धास्तावलाय. हे काय नवीनच काढलंय तुम्ही लोकांनी?

"मागच्या खेपेला बरं होतं," त्या म्हणाल्या. "बायकोच्या नावावर दिलं होतं. तसंच द्या की."

सूक्ष्मबाईने हात टेबलावर ठेवले. मागची खेप कधीची, तिने विचारलं.

"झाली असतील सतरा-अठरा वर्षं. तेव्हा आधीची होती."

"आणि तो कागद कसला होता, ते कळलं होतं तुम्हाला?"

"कळायला काय झालं? मीच तर बाटली घेऊन आले होते पिशवीतून. इथल्या माणसाने नीट समजावलं होतं, मुलाचं आहे म्हणून." सासूबाईंनी पदर सारखा केला. "कागद तिच्या नावावर आला, तिच्याच माथी गेला. माझ्या मुलाची अब्रू राहिली. तुम्हीही बाईमाणूस आहात, तुम्हाला मी काय सांगायचं? पुरुषाच्या नावावर असलं काही लागलं की तो संपतो. आपल्याला सोसायची सवय असते."

तेरा वर्षं जे ऐकायचं होतं ते इतक्या सहज आलं. ओरडून नाही, रडून नाही. भाजीवाल्याकडे दोन जुड्या बदलून मागाव्यात तसं. सूक्ष्मबाईला एका क्षणात कळलं की या बाईने त्या गोष्टीवर कधी एक रात्रसुद्धा जागून काढलेली नाही.

"नाही, सासूबाई," ती म्हणाली.

सासूबाई आधी काही समजल्या नाहीत. मग त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग हातांकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे. 

"तू," त्या म्हणाल्या. "तू जिवंत आहेस होय. कुणीतरी म्हणालं होतं, गेलीस म्हणून."

"आणि तुम्ही विचारायला आला नाहीत."

सासूबाई उठल्या. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. त्या म्हणाल्या की झालं गेलं, आता त्या पोराच्या आयुष्यात विष कालवू नकोस, तुझं तर काही परत यायचं नाही. मग, दारापाशी, पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला आणि त्यांनी हात जोडले. सूक्ष्मबाईने त्या जोडलेल्या हातांकडे नीट पाहून घेतलं, बोटांच्या सांध्यांपर्यंत, कारण हे दृश्य पुन्हा मिळणार नव्हतं. मग ती म्हणाली की उद्या अकरा वाजता दोघांना पाठवा, उशीर झाला तर पुन्हा रांगेत बसावं लागेल.

त्या दुपारी तिने अहवाल टाईप केला. वर त्याचं नाव. दोन तारखा, दोन निष्कर्ष, शून्य आणि शून्य. आणि त्याखाली, आठव्या ओळीच्या नियमाप्रमाणे, पूर्वीची नोंद: सतरा वर्षांपूर्वीची तारीख, तत्कालीन पत्नीच्या नावे, पतीचा नमुना, निष्कर्ष शून्य. दुसऱ्या रुग्णाच्या नावावरची नोंद वापरायची तर त्या रुग्णाची लेखी संमती लागे. तिने संमतीचा कागद घेतला, त्यावर लिहिलं की माझी हरकत नाही, आणि सही केली. ही सही सरळ आली.

बुधवारी दोघं आली. तो दारातूनच तिच्याकडे बघत आला. आईने सांगितलं होतं. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. तो बसला नाही. नवी बसली. सूक्ष्मबाईने कागद दोघांच्या मध्ये ठेवला आणि एक एक ओळ वाचून सांगितली, रोज सांगत असे त्याच आवाजात. शस्त्रक्रियेने काही होणार नाही, ती करायची नाही, डॉक्टरीणबाईंना हे दाखवा. नवी ऐकत होती. तिचं बोट वरून खाली आलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"ही तारीख आपल्या लग्नाच्या आधीची आहे," ती म्हणाली.

तो म्हणाला की काहीतरी घोळ आहे, यांच्याकडे पूर्वी नावांचा सगळा सावळा गोंधळ असायचा. सूक्ष्मबाईने त्याचा अर्ज काढला आणि सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं. नाही. त्याचं अक्षर, त्याची शेपटीवाली सही.

"काल तुमच्या आई इथे होत्या," ती म्हणाली. "मागच्या खेपेची बाटली त्यांनीच आणली होती, असं त्या म्हणाल्या. काकूंनी दारातून ऐकलंय."

 तो हळूच म्हणाला, "एवढ्या वर्षांनी उट्टं काढलंस."

"मागच्या पानावर सही करा," ती म्हणाली. "अहवाल मिळाल्याची."

त्याने केली. या वेळी शेपटी आली नाही. नवी उठली, कागद आपल्या फाईलमध्ये ठेवला, त्याच्यासाठी न थांबता जिना उतरून गेली. सूक्ष्मबाई खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर तो तिच्या मागे भराभर चालत होता, काहीतरी समजावत, आणि ती वळून बघत नव्हती. त्या दिवशी सूक्ष्मबाईने सुट्टीत पूर्ण पोळी खाल्ली. रात्रभर पोट दुखलं. तरी तिला पश्चात्ताप झाला नाही.

पुढच्या गुरुवारी नवी एकटी आली. शस्त्रक्रिया रद्द झाली होती. ती बहिणीकडे राहायला गेली होती आणि तिला त्या जुन्या नोंदवहीच्या पानाची शिक्क्यासह नक्कल हवी होती, वकिलाने मागितली होती. सूक्ष्मबाईने आनंदाने वही काढली. मनात तिचं पुढचं सगळं जुळून आलं होतं: दोघी मिळून, कोर्टात, त्याच्या समोर. ती नवीला बस म्हणाली, पाणी दिलं. नवी पानावरची तारीख बघत होती.

"हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

सूक्ष्मबाईला खोटं बोलता आलं असतं. पण आयुष्यभर तिने काचेवर जे दिसेल तेच लिहिलं होतं.

"तेरा वर्षांपूर्वी."

नवीने बोटांवर काही मोजलं नाही. तिला मोजायची गरज नव्हती. ती म्हणाली की तिच्या नऊ वर्षांत तिने एकशे चाळीस सुया टोचून घेतल्या, काही गोळ्यांनी तिचे केस गेले, दोनदा ती शाळेतल्या नोकरीतून रजा घेऊन घरी पडून राहिली आणि शेवटी नोकरीच गेली. सासू तिला ताटावर बसली असताना तो शब्द बोलायची. हे सगळं ती तक्रार करावी तसं बोलली नाही. तिने नुसतं पुढे ठेवलं.

"लग्नाचं कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं."

"मग एक चिठ्ठीसुद्धा नाही?"

 सूक्ष्मबाईने शालीची घडी नीट केली, पुन्हा केली. नऊ वर्षांत तिने या प्रश्नाचा विचारच केला नव्हता, असं नाही. केला होता, आणि प्रत्येक वेळी बाजूला ठेवला होता, कारण ही मुलगी आधीच सावध झाली असती तर ते कधी आलेच नसते. आमिष काढून घेतलं तर सापळ्याचा उपयोग काय.

"मला त्यांना पकडायचं होतं," ती शेवटी म्हणाली. "तुला वाचवणं माझ्या मनात नव्हतं."

नवीने मान हलवली, जणू तिला एवढंच तपासून घ्यायचं होतं. रागाने तिचा चेहरा लाल झाला नाही; उलट फार नितळ झाला. सूक्ष्मबाईने तो चेहरा ओळखला. माळ्यावरून उतरून आली त्या दुपारी हात धुताना तिने बेसिनवरच्या आरशात तोच पाहिला होता.

तिने नक्कल काढली, शिक्का मारला, सही केली, तारीख घातली. नवीने ती घेतली, फाईलमध्ये ठेवली आणि उभी राहिली.

"आधी त्यांचं बघते," ती म्हणाली. "दोघांचंही. मग तुमच्याकडे येते."

सूक्ष्मबाईला ते रास्त वाटलं. तिच्या जागी आपण असतो तर आपणही याच क्रमाने गेलो असतो.

"ये," ती म्हणाली. "सकाळी आठ ते चार मी इथेच असते. रविवारी बंद."

नवी जिना उतरली. काकूंनी पुढचं नाव पुकारलं, पुरुषाचं, आणि बाकावरून एकजण इकडेतिकडे बघत उठला.